माशाची साक्ष कागदावर येऊ द्या: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, शीव, मुंबई.

विषय: नद्या आणि सांडपाणी यांच्या तपासणीत जैविक चाचण्यांना कायद्याने दिलेली जागा प्रत्यक्षात देणे आणि त्यांचे निकाल लोकांसमोर ठेवणे.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात तेरवाडच्या किंवा शिरोळच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडला की पुढे काय काय होणार, हे पंचगंगेकाठच्या शाळकरी मुलांनाही सांगता येतं. पेपरात फोटो येतात, बाटल्यांत नमुने भरले जातात, पंचनामा होतो आणि यथावकाश अहवाल येतो. अहवालात सामू (पाणी किती आम्ल, किती अल्क), विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (घाण खाताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन), सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) असे आकडे असतात. मासा त्यात घटनेच्या वर्णनापुरता येतो. मेलेल्या माशाची बातमी होते, पण जिवंत मासा, दगडाखालचा किडा, पाण्यातलं शेवाळ यांच्याकडून पाण्याची परीक्षा करून घेता येते आणि ती कायद्यात लिहिलेली आहे, ही गोष्ट आपल्या मासिक तक्त्यांत शोधून सापडत नाही. त्यासाठी हे पत्र.

मी याच जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवते. आपल्याकडे नवा कायदा, नवं मंडळ, नवी योजना मागायला मी आलेले नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं आहेत. त्यांत बीओडी, सीओडी, तेल, जड धातू यांच्या ओळीनंतर एक साधी अट आहे: शंभर टक्के सांडपाण्यात, म्हणजे एक थेंबही पातळ न करता, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. दहा मासे सोडले तर चार दिवसांनी किमान नऊ पोहताना दिसले पाहिजेत. ही अट नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला आहे, गटारात सोडायच्या पाण्यालाही आहे आणि समुद्रकिनाऱ्याला सोडायच्या पाण्यालाही आहे. आपण कारखान्यांना देत असलेल्या अनेक संमतिपत्रांत ती जशीच्या तशी छापलेली असते. चाचणी कशी करायची याचं भारतीय मानक, आयएस ६५८२, पहिल्यांदा १९७१ साली निघालं. पुढे त्याच्या दुसऱ्या भागात झेब्रा माशावरची चाचणी आली. तिच्यात सांडपाणी किती पट पातळ केल्यावर मासे तगतात, ते मोजतात. म्हणजे साधन आहे, पद्धत आहे, मर्यादा आहे. निकाल मात्र नदीकाठच्या माणसापर्यंत येत नाही.

आधी सध्याच्या मोजमापाबद्दल बोलते, कारण माझ्या आग्रहाचं मूळ तिथे आहे.

आपण दरवर्षी नद्यांचा जलगुणवत्ता निर्देशांक काढता. केंद्रीय मंडळाने सुधारून घेतलेल्या त्या सूत्रात चार घटक आहेत. विरघळलेल्या ऑक्सिजनला ०.३१, विष्ठेतल्या कोलिफॉर्म जिवाणूंना ०.२८, सामूला ०.२२ आणि बीओडीला ०.१९ असा भार आहे. चारींची बेरीज एक. मैल्याने किती घाण झाली आहे, हे समजायला हे सूत्र चांगलं आहे, आणि आपल्या बहुतेक नद्यांचं पहिलं दुखणं मैला हेच आहे, हेही खरं. पण या चार आकड्यांत क्रोमियम नाही, कीटकनाशक नाही, रंगाई कारखान्यातला साबण आणि ब्लीच नाही, औषध कारखान्यातलं द्रावक नाही. यांपैकी काहीही पाण्यात असलं तरी निर्देशांक ते बोलून दाखवणार नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत आणि त्यांतले सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रात आहेत. ती यादीही एका बीओडीवर बेतलेली आहे. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा प्रदूषित. ज्या पट्ट्यात बीओडी कमी पण विष जास्त, तो पट्टा त्या यादीत येणारच नाही.

आणि बीओडीचं एक अवघड सत्य आहे. ते आपल्या प्रयोगशाळांतल्या रसायनतज्ज्ञांना ठाऊक आहे, बाहेर फारसं कुणाला नाही. बीओडी ही मुळात जैविक चाचणीच आहे. बाटलीतले जिवाणू घाण खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. तो किती संपला ते आपण मोजतो. ब्रिटनच्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने १९१२ साली ही चाचणी पाच दिवसांची ठरवली. आपण आपल्या हवेला साजेशी ती २७ अंशांवर तीन दिवसांची करून घेतली. इथवर ठीक. पण पाण्यात जिवाणूंनाच मारणारं काही असेल तर? जिवाणू मरतात किंवा मंदावतात, ऑक्सिजन संपत नाही आणि बीओडी कमी दिसतो. कागदावर पाणी स्वच्छ ठरतं, कारण ते विषारी आहे. काळजीने काम करणारा तंत्रज्ञ अशा वेळी नमुना वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून बघतो. पातळ करत गेल्यावर बीओडी वाढत गेला, तर पाण्यात विष आहे हे तो ओळखतो. सीओडी भरपूर आणि बीओडी अगदी थोडा, ही जोडी दिसली तरी त्याला शंका येते. ती शंका अहवालाच्या शेवटच्या तक्त्यात कुठे उतरते? तिथे एकच आकडा असतो आणि तो मर्यादेच्या आत असतो.

माशाची चाचणी बरोबर या जागी उपयोगी पडते. रासायनिक तपासणीत आपण जे शोधतो तेच सापडतं. इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यातून वाहणाऱ्या पाण्यात रंग, क्षार, साबण, विरंजक, धातू हे सगळं एकत्र असतं. त्यातलं प्रत्येक द्रव्य वेगवेगळं मोजलं तर कदाचित प्रत्येक जण आपापल्या मर्यादेत बसेल. माशाच्या कल्ल्यांवर ते सगळे एकदमच येतात. दोन धातू एकत्र आल्यावर त्यांचा मारा वाढतो की घटतो, पाणी मृदू असेल तर तांबं किती जास्त बाधतं, सामू वाढला की अमोनिया किती घातक होतो, याचं गणित कागदावर मांडायला फार वेळ लागतो. मासा ते चार दिवसांत सोडवून दाखवतो. काय आहे हे तो सांगत नाही, पण जगता येईल की नाही हे सांगतो, आणि नदीच्या बाबतीत आधी विचारायचा प्रश्न तोच आहे.

चार दिवस हा वेळ जास्त वाटत असेल तर त्यालाही पर्याय आहेत. डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. जन्मून चोवीस तासही न झालेली वीस पिल्लं, पाच-पाचच्या चार गटांत, तपासायच्या पाण्यात ठेवायची आणि ४८ तासांनी किती हलत नाहीत ते मोजायचं. एका काचेच्या बरणीत त्यांची पैदास होते, खायला हिरवं शेवाळ लागतं. शेवाळाची वाढ खुंटते का, ही चाचणी ७२ तासांची. तणनाशक ओळखायला तिच्यासारखी दुसरी नाही, कारण तणनाशकाने मासा तगून राहील, शेवाळ राहणार नाही. समुद्रात एक जिवाणू असतो, तो स्वतःच्या अंगाने उजेड देतो. विषारी पाण्यात त्याचा उजेड मंदावतो. ते अर्ध्या तासात यंत्रावर मोजता येतं. जगभर या चाचण्यांची प्रमाणित पद्धत छापलेली आहे आणि आपल्याकडच्या विद्यापीठांत त्या वर्षानुवर्षं एमएस्सीच्या प्रबंधांसाठी होत आल्या आहेत.

जिवंत मासे विषात मारायचे, ही गोष्ट मला स्वतःला जड जाते. विद्यार्थ्यांनाही जाते आणि त्यांना ती जड जावी असंच मला वाटतं. जर्मनीने २००५ पासून सांडपाण्याच्या शासकीय तपासणीत मोठ्या माशांऐवजी झेब्रा माशाची नुकती घातलेली अंडी वापरायला सुरुवात केली. ४८ तासांत अंड्यातला गर्भ वाढतो की नाही, हृदय धडधडतं की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. माशांचे हाल वाचतात, पाणीही थोडं लागतं. आपण तोच रस्ता धरावा. झेब्रा मासा तर भारतीय उपखंडातलाच. त्याच्यासाठी कुणाकडे हात पसरायची गरज नाही. गप्पी माशावर मात्र ही चाचणी बेतू नये असं माझं मत आहे. डास खातो म्हणून आपण त्याला डबक्याडबक्यांत सोडलं. तो दक्षिण अमेरिकेतून आलेला आणि घाण सोसणारा जीव आहे. गटारात तगणाऱ्या माशाने पाणी पास केलं, तर त्या निकालावर आमच्या खवल्या-वाम-मरळीने विसंबावं कसं?

आता नदीकडे येते. इथे मला जास्त बोलायचं आहे.

सांडपाण्याची चाचणी नळाच्या तोंडाशी होते. नदीचं काय चाललंय हे नदीच्या तळाशी राहणारे सांगतात. पन्हाळ्याच्या बाजूला कासारी किंवा कुंभीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी दगडांवरून खळाळत येतं, तिथे मुठीएवढा दगड उचलून उलटा केला की त्याला चिकटलेले चपटे, तीन शेपट्यांचे जीव सैरभैर पळतात. ती मेफ्लायची पिल्लं. पोटाच्या दोन्ही बाजूंना त्यांचे कल्ले हलताना दिसतात. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत कॅडिसफ्लायची अळी असते. चतुरांची, टाचण्यांची पिल्लं असतात, शंख असतात, खेकड्याचं पोर असतं. याच नदीचं पाणी शहरातले नाले पोटात घेऊन खाली आलं की दगड शेवाळाने बुळबुळीत झालेले दिसतात आणि खाली गाळात लाल अळ्या आणि ट्युबिफेक्सचे गुंते तेवढे सापडतात. मत्स्यटाकीच्या दुकानात माशांना खायला विकतात तेच हे ट्युबिफेक्स. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या गाळातही ते जगतात.

या फरकाला आकडा देता येतो आणि आपल्याच केंद्रीय मंडळाने तो दिलेला आहे. ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या जैविक निरीक्षण कार्यगटाने तळातल्या जिवांच्या प्रत्येक कुळाला एक ते दहा गुण लावायची पद्धत काढली. स्वच्छ पाण्याशिवाय न जगणाऱ्याला दहा, कुठेही जगणाऱ्याला एक. यमुनेवर नेदरलँड्सच्या सहकार्याने झालेल्या कामात ती पद्धत भारतीय नद्यांसाठी घडवली गेली, आणि तिच्यातून जैविक जलगुणवत्तेचे अ ते ई असे पाच वर्ग ठरले. नकाशावर निळा म्हणजे स्वच्छ, लाल म्हणजे अतिप्रदूषित. गुणांच्या जोडीला विविधतेचा एक आकडा आहे, आणि तो मला फार आवडतो, कारण तो काढायला एकाही प्राण्याचं नाव यावं लागत नाही. जाळीत आलेले जीव ताटात ओतायचे आणि एकेक उचलायचा. हा आधीच्यासारखाच आहे की वेगळा, एवढंच बघायचं. वेगळा असेल तर नवी रांग सुरू. शेवटी रांगांच्या संख्येला एकूण प्राण्यांच्या संख्येने भागायचं. उत्तर शून्य आणि एक यांच्यामध्ये येतं. सगळे एकसारखेच निघाले तर शून्याजवळ, प्रत्येक वेगळा निघाला तर एकाजवळ. अकरावीतली मुलगी हे दुपारभरात शिकते. मी शिकवलेलं आहे.

या तपासणीचा रसायनाच्या तपासणीहून वेगळा असा जो मोठा गुण आहे, त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. बाटलीतलं पाणी त्या क्षणाचं असतं. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, ठरलेल्या पुलाखालून बाटली भरली, तर उरलेल्या महिन्यात काय झालं ते त्या बाटलीला माहीत नसतं. सोडणारे रात्री सोडतात. पावसाळ्यात पहिल्या लोंढ्याबरोबर सोडतात. बंधाऱ्याच्या फळ्या निघाल्या की त्या पाण्यात सोडतात. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावं लागलं. ते माणसांना बाधलं म्हणून कळलं. वास येत नाही असं काही ओतलं गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात कदाचित काहीच दिसलं नसतं. विष वाहून जातं, ऑक्सिजन काही तासांत परत वर येतो. पण दगडाखालची मेफ्लाय परत येत नाही. तिची वाढ आठवड्यांची, काही जातींत महिन्यांची. ती तिथे सतत राहते, पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे तिच्या डोक्यावरून गेलेलं सगळं पाणी तिला भोगावं लागतं. जिथे ती असायला हवी तिथे ती नसेल, आणि आकडे ठीक असतील, तर मधल्या काळात काहीतरी घडून गेलेलं आहे असं धरून शोध घेता येतो. नाल्याच्या मुखाच्या वर शंभर पावलांवर ती आहे आणि खाली शंभर पावलांवर नाही, यापेक्षा नेमका पुरावा कुठल्या बाटलीत मिळणार?

म्हणून मासे मेल्यानंतर काय करायचं, याची कार्यपद्धती बदलावी, अशी माझी पहिली ठोस मागणी आहे. मासे दोन तऱ्हेने मरतात. मळीमिश्रित पाणी किंवा मैला एकदम आला की जिवाणूंची चंगळ होते, ऑक्सिजन संपतो. तो पहाटे सर्वांत खाली असतो, कारण रात्रभर शेवाळ ऑक्सिजन सोडत नाही, उलट वापरतं. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात, मोठे आधी गळतात, आणि हवेत श्वास घेऊ शकणारे मरळीसारखे मासे टिकून राहतात. विषाने मरताना असा भेद राहत नाही. मरळही जाते, बारीकसारीक पिल्लंही जातात, शंख मिटतात, किडे गळतात. काठावरच्या भोई माणसाला हा फरक बघताक्षणी कळतो. त्याची साक्ष कुठल्याच कागदावर लिहिली जात नाही. कुठले मासे मेले, कुठले वाचले, कोणत्या वेळी वर आले, शंख-खेकड्यांचं काय झालं, एवढ्या चार गोष्टी पंचनाम्याच्या छापील अर्जात आल्या तर निम्मं निदान जागेवर होईल. त्याच दिवशी वर-खाली दगड उलटून बघितले, मेलेल्या माशांचे नमुने बर्फात ठेवले आणि जपून ठेवलेल्या पाण्यावर डॅफ्नियाची चाचणी लावली, तर उरलेलंही होईल. पाणी दोन दिवसांनी पुढे गेलेलं असतं, पण तळ तिथेच असतो.

दुसरी मागणी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांबद्दल, म्हणजे अनेक कारखान्यांचं सांडपाणी जिथे एकत्र शुद्ध करतात त्या केंद्रांबद्दल. लोटे-परशुरामचं पाणी दाभोळच्या खाडीकडे जातं. महाडचं सावित्रीकडे, डोंबिवली-अंबरनाथचं उल्हासच्या खाडीकडे. खाडीत मासे मेल्याच्या तक्रारी दाभोळच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं केल्या आहेत. या केंद्रांवर आता ऑनलाइन यंत्रं आहेत. ती सामू, सीओडी, बीओडी, गढूळपणा चोवीस तास पाठवतात. विषारीपणा पाठवत नाहीत. प्रत्येक केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यावर महिन्यातून एकदा, आधी न कळवता, २४ तासांत थोडं थोडं गोळा केलेल्या नमुन्यावर माशाची किंवा डॅफ्नियाची चाचणी व्हावी. निकाल आपल्या संकेतस्थळावर यावा: तारीख, जीव कोणता, किती सोडले, किती तासांनी किती उरले. एवढीच ओळ. तिला कुठल्या तज्ज्ञाने समजावून सांगायची गरज पडत नाही. 'सीओडी २४०' या आकड्याने खाडीतल्या बाईला काही कळत नाही. 'दहातले तीन उरले' हे तिला लगेच कळतं.

उद्योगांकडून यावर एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. मासा मेला हे कळलं, पण कशाने मेला ते कळल्याशिवाय आम्ही दुरुस्त काय करायचं? अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच प्रश्नावर रीतसर उत्तर बसवलं गेलं. त्याच सांडपाण्याचे अनेक वाटे करायचे. एका वाट्यात धातू बांधून ठेवणारं रसायन घालायचं, एकातून हवा सोडायची, एक कोळशातून गाळायचा, एकाचा सामू बदलायचा. मग प्रत्येकावर पुन्हा चाचणी लावायची. धातू बांधल्यावर जीव वाचले तर दोषी धातू. कोळशातून गेल्यावर वाचले तर सेंद्रिय रसायन. हवा सोडल्यावर वाचले तर उडून जाणारं काहीतरी. शोध इतका अरुंद झाला की मग महागड्या यंत्रावर नेमकं रसायन शोधायला पाठवता येतं. आज आपण याच्या उलट करतो. आधी ठरावीक रसायनांची यादी तपासतो आणि तिच्यात काही नाही सापडलं की थांबतो.

तिसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ एका रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं. सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले आणि खालच्या देशांनी नदीतून पाणी उचलणं थांबवलं. त्यानंतर ऱ्हाईनकाठच्या निरीक्षण केंद्रांवर नदीचं पाणी सतत डॅफ्नियाच्या, शिंपल्यांच्या टाक्यांतून फिरवायला सुरुवात झाली. शिंपले एकदम मिटले किंवा पाणपिसवांची हालचाल बिघडली की घंटा वाजते आणि मग रसायनतज्ज्ञ शोध घेतात. ही व्यवस्था आपल्याकडे प्रत्येक गावाला परवडणार नाही, मला समजतं. पण उल्हास नदीतून मोहने, शहाड, बदलापूर इथे लाखो माणसांसाठी पाणी उचललं जातं. कृष्णेतून सांगलीसाठी उचललं जातं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. ती साथ मैल्यातल्या विषाणूची होती. शिंपल्यांनी ती ओळखली नसती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण नदीतलं पाणी नळापर्यंत किती कमी अडथळ्यांतून येतं, हे त्या वर्षी या जिल्ह्याने बघितलं. अशा दोन-तीन उपसा ठिकाणी जिवंत पहारा बसवून बघायला काय हरकत आहे? साधी मत्स्यटाकी, तिच्यातून सतत वाहणारं नदीचं पाणी, वर एक कॅमेरा आणि बघायला जबाबदार माणूस, इथूनही सुरुवात होऊ शकते.

जैविक चाचणीच्या मर्यादा मी लपवत नाही. पुराने तळ खरवडून निघतो, तेव्हा प्रदूषण नसतानाही किडे कमी सापडतात. म्हणून ही पाहणी पाऊस ओसरून नदी स्थिरावल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात पाणी आटण्याआधी एकदा, अशी करावी लागते. धरणातून आवर्तन सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती करून उपयोग नाही. खोल डोहात जाळी पोचत नाही. तिथे दगडांनी भरलेली टोपली काही आठवडे बुडवून ठेवायची आणि तिच्यात कोण राहायला येतं ते बघायचं. दख्खनच्या काळ्या पाषाणावरची नदी यमुनेसारखी नाही, म्हणून प्रत्येक खोऱ्यात एखादा जपलेला, स्वच्छ पट्टा तुलनेला धरावा लागेल. असे पट्टे आपल्याकडे अजून आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत लोकांनी देवीचे म्हणून महसीर मासे सांभाळले आहेत. त्या पाण्यातल्या दगडांखाली काय काय राहतं याची नोंद झाली, तर सावित्रीचं किती गेलं हे मोजायला मापदंड मिळेल. आणि हळूहळू भिनणारी विषं, संप्रेरकांची घडी बिघडवणारी द्रव्यं, ९६ तासांच्या चाचणीत दिसत नाहीत, हेही खरं. रसायनांची तपासणी बंद करा असं कुणीच म्हणत नाही. दोन्ही एकमेकांच्या शेजारी छापा.

माणसं कुठून आणायची, हा आपला प्रश्न असेल. आपल्याकडची रिक्त पदं, प्रयोगशाळांवरचा ताण याबद्दल मी वाचते, आणि कनिष्ठ क्षेत्र अधिकारी किती कारखाने, किती नाले सांभाळतो हेही मला दिसतं. पण महाराष्ट्रात जिथे जिथे नदी आहे तिथे जवळपास कुठेतरी प्राणिशास्त्राचा विभाग असलेलं महाविद्यालय आहे. जाळी, पांढरं ताट, भिंग, चिमटा, अल्कोहोलच्या बाटल्या, एवढंच साहित्य लागतं. ठरलेल्या पद्धतीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, नमुने तपासून घ्यायची सोय ठेवा, निकालावर आपली सही ठेवा. मुलं काम करतील. नदीवर गेलेल्या मुलांचं पाण्याशी नातं बदलतं, हे मी वर्गात दरवर्षी बघते, आणि ते मला आपल्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाचं वाटतं. भोई आणि कोळी समाजातल्या जाणत्यांना या पाहणीत मानधनावर घ्या. त्यांच्याइतकं नदीचं रोजचं निरीक्षण दुसऱ्या कुणाचंही नाही.

केंद्रीय मंडळाच्या जलनिरीक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांत जैविक निरीक्षण आधीपासून आहे. सांडपाण्याच्या मानकांत मासा आधीपासून आहे. तेव्हा परवानगीसाठी दिल्लीकडे बघावं लागेल असं मला वाटत नाही.

सगळं एकदम होणार नाही, म्हणून सुरुवातीपुरतं एवढंच मागते. या वर्षी पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरात, पंचगंगा, उल्हास आणि सावित्री या तीन नद्यांवर उगमाजवळ, शहराच्या वर, शहराच्या खाली आणि औद्योगिक वसाहतीच्या खाली अशा चार-चार ठिकाणी तळातल्या जिवांची पाहणी करा. त्याच आठवड्यात त्या खोऱ्यांतल्या सामायिक प्रक्रिया केंद्रांच्या पाण्यावर ९६ तासांची चाचणी लावा. दोन्हींचे निकाल नेहमीच्या बीओडी-सीओडीच्या तक्त्याशेजारी, मराठीत, डिसेंबर संपायच्या आत प्रसिद्ध करा. पंचगंगेच्या पाहणीसाठी आमच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा, जाळ्या आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी उपलब्ध आहेत. आपल्या कोल्हापूर कार्यालयाकडे तसं लेखी पत्र या पत्रासोबतच देत आहे.

आपली विश्वासू,
प्राणिशास्त्राची एक प्राध्यापिका,
कोल्हापूर जिल्हा